पेसमेकर किंवा आयसीडी बसवल्यावर व्यायाम : नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

फुटाळ्यावर सकाळी फिरायला जातो, शर्टाचं वरचं बटन उघडं असलं की डाव्या कॉलरबोनखालची ती फुगलेली जागा दिसते आणि कोणी ना कोणी विचारतेच, "भाऊ, हे काय हो?" मग त्यांच्या सासऱ्याला, आईला, ऑफिसातल्या कोणाला तरी मशीन बसलेलं निघते आणि तेच तेच प्रश्न सुरू होतात. ते इथे एकत्र लिहून ठेवले. मी डॉक्टर नाही, बँकेतून रिटायर झालेला माणूस आहे, पेसमेकर घेऊन फिरून राहिलो एवढंच. माझं आणि तुमच्या डॉक्टरचं म्हणणं वेगळं पडलं तर डॉक्टरचंच ऐका.

मशीन बसल्यावर व्यायाम करता येतो का, की आता आयुष्यभर जपूनच राहायचं?

करता येतो, आणि बहुतेकांनी करायलाच पाहिजे. मशीन बसवतात ते माणूस चालता-फिरता राहावा म्हणूनच ना. मी पहिले चार महिने सोफ्यावर काढले, वजन वाढलं, दोन मजले चढलो की धाप लागायची आणि मला वाटायचं मशीन बिघडलं, मशीन चांगलंच होतं, बिघडलो होतो मी. फक्त सुरू करायच्या आधी आपल्या मशीनचे दोन-तीन आकडे माहीत असले पाहिजेत, ते पुढे सांगतो, कारण अर्धे घोळ तिथेच होतात.

पेसमेकर, आयसीडी, सीआरटी, सगळं एकच ना?

नाही. बाहेरून सगळ्या डब्या सारख्याच दिसतात म्हणून लोक सरसकट पेसमेकर म्हणतात. पेसमेकर म्हणजे ठोके कमी पडून राहिले किंवा मध्येच थांबून राहिले तर ते भरून काढणारा. आयसीडी म्हणजे ठोके जिवाला धोका होईल इतके बेफाम झाले तर आधी बहुतेक वेळा वेगाने पेसिंग करून आणि नाही ऐकलं तर शॉक देऊन जागेवर आणणारा, आणि गरज पडली तर तो पेसमेकरचंही काम करतो. सीआरटी कमजोर हृदयवाल्यांसाठी, हृदयाच्या दोन्ही बाजू एका तालात चालाव्या म्हणून त्यात जास्तीची वायर असते, त्यात पुन्हा शॉकवाला आणि बिनशॉकवाला असे दोन प्रकार. व्यायामाचे नियम या फरकावर ठरतात, त्यामुळे घरी मिळालेलं मशीनचं कार्ड काढा आणि नेमकं काय बसलंय ते आधी वाचा. आमच्या ट्रॅकवर एक काका तीन वर्षं पेसमेकर पेसमेकर म्हणत होते, कार्ड पाहिलं तर आयसीडी.

ऑपरेशननंतर किती दिवसांनी सुरू करायचं?

साधं चालणं बहुतेकांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासूनच सांगतात, घरातल्या घरात, मग गल्लीत, मग कॉलनीला एक चक्कर. जपायचं ते ज्या बाजूला मशीन बसलं त्या हाताला. साधारण ४ ते ६ आठवडे तो कोपर खांद्याच्या वर न्यायचा नाही, चार-पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही, झटका देऊन ओढायचं-ढकलायचं नाही. कारण असं की वायरचं टोक हृदयाच्या आत नुसतं टेकवलेलं किंवा बारीक स्क्रूने अडकवलेलं असते, त्याला तिथे घट्ट धरायला वेळ लागतो, आणि त्याआधी हात जोरात ताणला तर टोक जागेवरून सरकू शकते. सरकलं तर परत ऑपरेशन टेबलवर जावं लागते.

जखम पूर्ण भरेपर्यंत पोहणं नाही, घामाने चिंब होईल असा व्यायाम नाही. काहींना आता बिनवायरचा छोटा पेसमेकर जांघेतून आत नेऊन बसवतात, त्यांना हाताचं हे बंधन नसते, त्यांनी जांघेची जखम सांभाळायची.

घरचे म्हणतात हात अजिबात हलवू नको. बरोबर आहे का?

हे मी करून पाहिलं, करू नका. माझ्या मोठ्या वहिनीने ओढणीची झोळी बांधून दिली, येणारा-जाणारा प्रत्येक नातेवाईक "हात जपा हो" म्हणत होता, आणि मी पावणेतीन महिने हात पोटाशी धरून बसलो. चेकिंगला गेलो तर शर्ट काढता येईना. खांदा आखडला होता, त्याला फ्रोजन शोल्डर म्हणतात, आणि तो सोडवायला फिजिओथेरपीत जे दुखलं ते ऑपरेशनच्या दहापट होतं. बोटं, मनगट, कोपर पहिल्या दिवसापासून हलवायचं, खांदाही खांद्याच्या उंचीपर्यंत हलका फिरवायचा. जेवणं, भांग पाडणं, बटनं लावणं त्याच हाताने करा. वर नेऊ नका म्हणजे हलवू नका असं नव्हे.

सुरू करण्याआधी डॉक्टरला नेमकं काय विचारायचं?

"व्यायाम करू का?" असं विचारलं की "हो, हलका करा" एवढंच उत्तर मिळते, त्यात दोघांचीही चूक नाही, ओपीडीत बाहेर पन्नास जण बसलेले असतात. म्हणून आकडे विचारा आणि कागदावर लिहून आणा.

पेसमेकरवाल्यांनी विचारायचं की माझा कमीत कमी रेट, म्हणजे मिनिटाला ठोके, किती ठेवलाय, जास्तीत जास्त किती, आणि रेट रिस्पॉन्स चालू आहे का बंद. रेट रिस्पॉन्स म्हणजे तुम्ही चालायला लागले की मशीन स्वतःहून ठोके वाढवते ती सोय, ज्यांच्या हृदयाला ठोके वाढवताच येत नाहीत त्यांना ती लागतेच. आयसीडीवाल्यांनी विचारायचं की कितीच्या वर ठोके गेले की मशीन धोका समजते. तो आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो, कोणाचा १६० तर कोणाचा २०० च्या आसपास, आणि व्यायामात आपले ठोके त्याच्या १० ते २० खाली राहिले पाहिजेत. शेजाऱ्याचा आकडा तुमच्या कामाचा नाही. सोबत ट्रेडमिल टेस्ट करून घ्यायची का तेही विचारून घ्या, कारण तिथे डॉक्टरसमोर दम लागतो तेव्हा मशीन कसं वागते ते स्क्रीनवर दिसते.

चालताना बरं वाटते पण जिमच्या सायकलवर पाच मिनिटांत पाय गळतात, काहून?

हा माझा आवडता प्रश्न, कारण माझ्यासोबत हेच झालं. फुटाळ्याला एक चक्कर आरामात व्हायची, नाडी ९५-१०० च्या घरात जायची. आणि घराजवळच्या जिममध्ये बसल्या सायकलवर पॅडल मारायला लागलो की नाडी ६२. पाय भरून यायचे, डोळ्यासमोर अंधारी, आणि हँडलवरचा आकडा ६२ च्या पुढे हलायचं नाव नाही. ट्रेनर म्हणाला अंकल स्टॅमिना नाही तुमच्यात.

चेकिंगला हे सांगितलं तर टेक्निशियन हसला. बऱ्याच पेसमेकरमध्ये छातीची हालचाल ओळखणारा सेन्सर असतो, चालताना छाती हलते म्हणून मशीनला कळते की माणूस कामाला लागला, आणि बसल्या सायकलवर पाय गरगर फिरतात पण छाती दगडासारखी स्थिर, त्यामुळे मशीनला वाटते साहेब खुर्चीत बसून पेपर वाचून राहिले. त्याने मशीनवर तो वायरवाला माऊससारखा तुकडा ठेवला, लॅपटॉपवर सेन्सरची संवेदना एक पायरी वाढवली, मला कॉरिडॉरमध्ये दोन चकरा मारायला लावल्या, मग पुन्हा एक पायरी. दहा मिनिटांचं काम, ना कापाकापी ना टाके. सायकलवर तेव्हापासून मी मुद्दाम खांदे हलवत बसतो, लोक पाहतात, पाहू दे. काही मशीनमध्ये श्वासावर चालणारा सेन्सरही असतो, त्यांना हा त्रास कमी होतो.

उलटही होते. ज्यांना हार्ट ब्लॉक आहे, म्हणजे वरच्या कप्प्याचा इशारा खालच्या कप्प्यापर्यंत नीट पोचत नाही, पण हृदयाचा वरचा कप्पा नीट चालतो, त्यांचे ठोके चढ चढताना छान वाढत जातात आणि मशीनच्या वरच्या मर्यादेपलीकडे गेले की मशीन मधले ठोके सोडायला लागते, एकदम हवा गेल्यासारखं वाटते. सेमिनरी हिल्सच्या चढावर दर वेळी एकाच जागी असं होत असेल तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका, तारीख-वेळ लिहा आणि चेकिंगला दाखवा, ती मर्यादाही बदलता येते.

मग किती जोर लावायचा? २२० वजा वय चालते का?

आपल्यासाठी नाही चालत. बहुतेकजण बीटा ब्लॉकरच्या गोळीवर असतात, ती ठोके दाबून ठेवते, आणि उरलेले ठोके मशीन ठरवते, त्यामुळे तो फॉर्म्युला आपल्या काय कामाचा. बोलून पाहा. चालता चालता सोबतच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता आलं तर थोडा वेग वाढवा, एका शब्दावर दम लागला तर कमी करा. आमच्या ग्रुपमध्ये महापालिकेला शिव्या घालता येतील इतका दम, असं माप आहे.

सुरुवातीला १० मिनिटं हळू, शेवटी १० मिनिटं हळू, एकदम सुरू नाही आणि एकदम ब्रेकही नाही, आयसीडीवाल्यांनी तर हे टाळूच नये. मोठ्या माणसांना आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगतात, तिथपर्यंत दोन-तीन महिन्यांत पोचले तरी चालते. मनगटी घड्याळाचा आकडा अंदाजापुरता घ्या, पेसिंगचे ठोके असले की ते कधी कधी भलतंच दाखवते, शंका आली तर दोन बोटांनी मनगटाची नाडी मोजा.

आयसीडी आहे, व्यायाम करताना शॉक बसला तर?

माझ्या मावसभावाला बसला आहे, तो म्हणतो छातीत घोड्याने लाथ मारली. मे महिना होता, दोन दिवस जुलाब लागले होते, तरी पठ्ठ्या "रूटीन मोडायचं नाही" म्हणून जिना चढ-उतार करत होता. जुलाबात शरीरातलं पोटॅशियम उतरते, ते उतरलं की ठोके बिघडायला कारण मिळते, आणि मशीनने आपलं काम केलं.

एक शॉक बसला आणि नंतर बरं वाटून राहिलं तर जागीच थांबा, बसा, डॉक्टरला किंवा चेकिंगवाल्यांना फोन करा आणि ते सांगतील तसं करा, उरलेली चक्कर पूर्ण करू नका. लागोपाठ दोन किंवा जास्त बसले, किंवा एकच बसला पण छातीत दुखून राहिलं, चक्कर येऊन राहिली, श्वास पुरत नाही, तर सरळ १०८ लावा. गाडी स्वतः चालवत जाऊ नका. बेशुद्ध पडला आणि श्वास नाही तर सोबतच्यांनी छाती दाबायला सुरुवात करायची, मशीन आहे म्हणून थांबायचं नाही. मशीनने शॉक दिला त्या वेळी हात लावलेला असला तर सोबतच्याला थोडी झिणझिणी जाणवू शकते, त्याने इजा होत नाही.

शॉकची भीती बसते हे खरं आहे. भाऊ सहा महिने जिन्याकडे पाहत नव्हता. त्याला परत चालतं केलं ते ट्रेडमिल टेस्टने, डॉक्टरसमोर १३० पर्यंत ठोके गेले आणि काही झालं नाही हे त्याने डोळ्याने पाहिलं तेव्हा.

जिममध्ये काय चालते, काय नाही?

ट्रेडमिल, सायकल, पायाची मशीनं चालतात. वजन उचलायचं तर हलकं आणि जास्त वेळा, श्वास कोंडून कण्हत उचलायचं नाही. बेंच प्रेसची दांडी मशीनच्या जागेवर टेकू देऊ नका. पुल-अप, डोक्यावरून जड वजन ढकलणं असे प्रकार वर्षानुवर्षं केले तर कॉलरबोन आणि बरगडीच्या मध्ये वायर चेंगरून खराब होऊ शकते, त्यामुळे ते डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. सॅकचा पट्टा दुसऱ्या खांद्यावर.

वजनाचा तो चकचकीत काटा असतो ना, अनवाणी उभं राहिलं की चरबी किती, पाणी किती सांगणारा, त्यावर उभं राहू नका. तो अंगातून बारीक करंट सोडतो. मला एका जिमच्या ट्रेनरने पहिल्याच दिवशी त्यावर चढवलं होतं, मी मशीनचं सांगितल्यावरही "काही नाही होत अंकल" म्हणून. काही झालं नाही हे नशीब, पण मी तिथली फी सोडून दिली. करंट देऊन स्नायू आखडवणारे बेल्ट, दुखण्यावर बारीक करंट देणारी टेन्सची मशीनं हेही टाळा.

लोहचुंबक तर विसरूच नका. मोबाईल, इअरबडची डबी, चुंबकवाले बेल्ट आणि पट्टे मशीनपासून १५ सेंटीमीटर, म्हणजे वीतभर लांब. शर्टाच्या वरच्या खिशात मोबाईल नाही, दंडाला बांधायचा तर दुसऱ्या बाजूच्या. ट्रेडमिलची ती लाल सेफ्टी चावी असते, तिच्यात बरेचदा चुंबक असते, ती गळ्यात अडकवू नका, कमरेला क्लिप लावा. चुंबक जवळ आलं की पेसमेकर ठराविक ठोक्यांवर जातो आणि आयसीडी शॉक देणं तेवढ्यापुरतं थांबवतो, म्हणजे नेमकं हवं तेव्हा पहारेकरी झोपलेला. लांब केलं की पूर्ववत होते.

योगा, प्राणायाम?

चालते, निवडून. अनुलोम-विलोम, भ्रामरी, उभ्याची सोपी आसनं छान. पहिले सहा आठवडे सूर्यनमस्कार नाही, कारण पहिल्याच स्थितीनंतर हात वर. शीर्षासन, चक्रासन, मयूरासन यांचा नाद सोडा. श्वास कोंडून धरणारा कुंभक टाळा. कपालभाती-भस्त्रिकाबद्दल विचारून घ्या, तुमच्या मशीनमध्ये श्वासाचा सेन्सर असला तर भराभर श्वासाने त्याला वाटते माणूस धावून राहिला, आणि बसल्या जागी ठोके वाढतात. बागेत चटईवर बसलेल्या एका मॅडमला हे झालं होतं, सगळ्यांना वाटलं अटॅक.

बॅडमिंटन, क्रिकेट, कबड्डी, पोहणं?

बॅडमिंटन तीन महिन्यांनी आणि विचारून, स्मॅश जपून. उजव्या हाताने खेळणाऱ्यांना मशीन डावीकडे असल्याचा फायदा. टेनिस बॉल क्रिकेट ठीक, लेदर बॉल असला तर छातीला गार्ड. कबड्डी, कुस्ती, बॉक्सिंग नाही, मशीनवर सरळ मार बसतो. शाळेत मी कबड्डीचा रेडर होतो, आता मॅटच्या बाहेरून ओरडतो.

पोहण्यात पेसमेकरवाल्यांना जखम भरल्यावर फारशी अडचण नसते, आयसीडीवाल्यांनी मात्र एकट्याने कधीच पाण्यात उतरू नये, शॉक पाण्यात बसला आणि शुद्ध गेली तर वर काढायला कोणी पाहिजे. रामटेकच्या गडाच्या पायऱ्या मी चढतो, दर काही पायऱ्यांनी माकडं पाहायच्या निमित्ताने थांबतो.

नागपूरच्या उन्हाळ्यात काय करायचं?

एप्रिलपासून वेळ बदला. मेमध्ये पारा ४५ च्या वर जाते तेव्हा सकाळी साडेपाच ते साडेसहा, बस, संध्याकाळी सातलाही रस्ता तापलेला असतो. नाहीतर घरातच कूलरसमोर जागच्या जागी चाला. उन्हात मशीन वितळत वगैरे नाही, हे मला तिघांनी विचारलं आहे. त्रास आपल्याला होतो, पाणी कमी पडते, बीपी उतरतो, आणि लघवीच्या गोळ्या चालू असल्या की पाणी-क्षार दोन्ही झपाट्याने जातात. पण पाणी किती प्यायचं हे हृदय कमजोर असणाऱ्यांना मोजून दिलेलं असते, नारळपाणी किडनीच्या त्रासात चालत नाही, म्हणून उन्हाळा लागायच्या आधीच विचारून ठेवा. उपवासाच्या दिवशी, ताप असला, जुलाब-उलट्या असल्या तर सुट्टी. डिसेंबरात उलटं, पहाटेच्या थंडीत एकदम बाहेर पडू नका, ऊन निघू द्या.

घरकाम व्यायामात धरायचं का?

धरायचं. पण बायकांना घरी आल्या आल्या सगळे "आराम कर" म्हणतात आणि चौथ्या दिवशी त्याच माळ्यावरून डबा काढून राहिलेल्या दिसतात. पहिले सहा आठवडे दोरीवर कपडे वाळत घालणं, माळ्यावर हात घालणं, पाण्याची बादली, भरलेला कुकर, जड कणीक तिंबणं, हे दुसऱ्या कोणी करावं. इंडक्शनची शेगडी असली तर दोन फूट लांबून. गॅस, मिक्सर बिनधास्त. ब्लाउजची किंवा आतली पट्टी घासत असेल तर खाली मऊ कापडाची घडी ठेवा.

जास्त व्यायाम केला तर बॅटरी लवकर संपते का?

सांगण्यासारखा फरक पडत नाही. पेसमेकरची साधारण ८ ते १२ वर्षं चालते, आयसीडीची बहुधा त्याहून थोडी कमी, आणि ती अचानक बंद पडत नाही, बदलायची वेळ आली की काही महिने आधी चेकिंगमध्ये कळते. तेव्हा डबी नवी बसवतात, वायर चांगल्या असल्या तर जुन्याच ठेवतात. शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर १९५८ साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना बसवला, तो काही तासच चालला. नंतर त्यांना आयुष्यात वीसहून जास्त मशीनं लागली आणि ते २००१ पर्यंत जगले, वयाच्या ८६ व्या वर्षी गेले, तेही हृदयाने नाही.

नवरा-बायकोच्या संबंधांचं काय?

हे ट्रॅकवर कोणी विचारत नाही, व्हॉट्सॲपवर रात्री अकराला विचारतात. दोन मजले न थांबता, न धापता चढता येत असतील तर बहुतेकांना चालते. पहिले काही आठवडे त्या हातावर भार नको. आयसीडीवाल्याला त्या वेळी शॉक बसला तरी जोडीदाराला इजा होत नाही.

कोणत्या वेळी लगेच थांबायचं?

चक्कर, डोळ्यापुढे अंधारी, छातीत दाब, धडधड जी थांबल्यावरही कमी होत नाही, नेहमीपेक्षा वेगळी धाप. मशीनच्या जागी लाली, सूज, गरमपणा, पाणी येणं, त्यासोबत ताप, किंवा त्या बाजूचा सगळा हात सुजणं, तर व्यायाम बंद करून त्याच दिवशी दाखवा, गरम पाण्याने शेकत बसू नका. आणि एक गमतीशीर वाटणारी गोष्ट, उचकी तासन्तास थांबत नसेल किंवा पोटाचा वरचा भाग ठेक्यात उडत असेल तर वायर सरकल्याची ती खूण असू शकते, साखर खाऊन पाहू नका, फोन करा.

फिरायला जाताना सोबत काय ठेवायचं?

मशीनचं कार्ड, किंवा त्याची लॅमिनेट केलेली झेरॉक्स, मागच्या बाजूला स्वतःचे आकडे, गोळ्यांची नावं आणि घरच्यांचा नंबर. कार्डाचा फोटो बायकोच्या मोबाईलमध्येही. मेट्रो स्टेशनवर किंवा देवळात दारातल्या मेटल डिटेक्टरमधून नेहमीच्या चालीने निघून जा, तिथे रेंगाळू नका, हातातलं यंत्र छातीवर फिरवायला लागले तर कार्ड दाखवा. टेकडी गणपतीच्या दर्शनाला जाताना मी कार्ड आधीच हातात काढून ठेवतो, मागे रांग लांब असते.